परिक्रमेची सॅक : पावणेसोळा किलो ते सव्वासहा किलो

(सोसायटीच्या गणेशोत्सवात ज्येष्ठ नागरिकांच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्त्यांनी तो स्मरणिकेसाठी स्वतः लिहून दिला आहे.)



मी बँकेत छत्तीस वर्षं नोकरी केली. बँकेतल्या माणसाला भाषणाची सवय नसते. फार तर कर्ज नाकारताना दोन वाक्यं गोड बोलायची सवय असते. त्यामुळे माझ्याकडून मोठ्या वक्तृत्वाची अपेक्षा ठेवू नका. गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद मिळेपर्यंत जेवढा वेळ जातो तेवढाच मी घेणार आहे.

कमिटीने मला विषय दिला होता, 'नर्मदा परिक्रमा : माझे अनुभव'. मी तो परस्पर बदलला आहे, त्याबद्दल माफी असावी. कारण असं की, आपल्या बी विंगमधलं एक जोडपं येत्या कार्तिकी एकादशीनंतर पायी परिक्रमेला निघतंय. गेल्या आठवड्यात त्यांनी मला सामान बघायला बोलावलं. मुलाने परदेशातून सत्तर लिटरची झकास सॅक पाठवली आहे. ती मी एका हाताने उचलायला गेलो आणि लगेच खाली ठेवली. चहा घेतला, बिस्कीट खाल्लं, पण काही बोललो नाही. घरी आल्यावर सौ. म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसून आलात? तुमचं काय झालं होतं ते तरी सांगायचं!" म्हणून आज फक्त सॅकवर बोलणार आहे. मैयाचे चमत्कार, आश्रम, साधुसंत यांवर मराठीत पुष्कळ पुस्तकं आहेत. गोनीदांपासून जगन्नाथ कुंट्यांपर्यंत पुष्कळांनी लिहून ठेवलंय, ते वाचा. पण पाठीवर काय घ्यायचं आणि ते कशात भरायचं, हे बहुतेक जण रस्त्यातच शिकतात. मीही तसाच शिकलो, आणि ते मला महागात पडलं.

ज्यांना परिक्रमेची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि भडोचच्या पुढे समुद्राला मिळते. नदीची लांबी 1,312 किलोमीटर. परिक्रमा म्हणजे नदी सतत उजव्या हाताला ठेवून दोन्ही काठांनी पूर्ण प्रदक्षिणा. मधे कुठेही नर्मदा ओलांडायची नाही. धरणांच्या जलाशयांना वळसे घालावे लागतात, म्हणून प्रत्यक्ष चाल अडीच हजार किलोमीटरच्या वरच जाते. जुन्या नियमाने तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस लागतात. आपल्यासारखे लोक बहुधा चार ते सहा महिन्यांत पूर्ण करतात.

आपल्या पंढरीच्या वारीशी तुलना केली तर सॅकच्या दृष्टीने एक मोठा फरक आहे. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. तिथे दिंडीचा ट्रक असतो. वळकटी, कपडे, भांडी सगळं ट्रकमध्ये जातं. वारकऱ्याच्या खांद्याला एक पिशवी, तीत टाळ, पाण्याची बाटली आणि पावसाचं प्लास्टिक. परिक्रमेत ट्रक नाही. जे न्यायचं ते स्वतःच्या पाठीवर, रोज पंधरा-वीस किलोमीटर, महिनोन्‌महिने. म्हणून तिथे सॅक हा काही खरेदीचा किरकोळ विषय नाही. माझी पहिली परिक्रमा सॅकनेच बुडवली.

होय, पहिली. इथे बसलेल्या जुन्या सभासदांना आठवत असेल. 2015 च्या कार्तिकात आपण सर्वांनी मला गेटवर शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला होता. लहान मुलांनी 'नर्मदे हर' म्हणून गेट दणाणून सोडलं होतं. आणि पंधरा दिवसांच्या आत मी रिक्षातून परत आलो. सगळ्यांनी विचारलं, मी सांगितलं, "गुडघा. वयोमान." डॉक्टरांनी चालू नका म्हटलं, असंही सांगितलं. लोकांनी सहानुभूती दाखवली, कुणी तेलं आणून दिली.

आज सोसायटीला पंचवीस वर्षं होताहेत, तर एक जुनी बाकी चुकती करतो. गुडघा दुखत होता हे खरं, पण तो वयामुळे नव्हता. माझ्या पाठीवर पावणेसोळा किलो वजन होतं, आणि माझं स्वतःचं वजन चौसष्ट. म्हणजे शरीराच्या चौथ्या हिश्श्याएवढं ओझं घेऊन एक पासष्ट वर्षांचा, आयुष्यभर खुर्चीवर बसलेला माणूस निघाला होता.

काय होतं त्यात? ऐका. सॅक रिकामी असतानाच दोन किलो चारशे ग्रॅम. दोन ब्लँकेटं. कपड्यांचे चार जोड. बुटांचा जादा जोड. दीड लिटरचा कुकर! कशाला, तर कुठे जेवण मिळालं नाही तर खिचडी लावायला. डिंकाचे लाडू दोन किलो. मेतकूट, भाजणी. रबरी गरम पाण्याची पिशवी. एक जाडजूड पोथी. औषधांचा डबा एक किलोच्या वर, त्यात सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम. आणि एक प्लास्टिकची फाइल, वजन एक किलो तीनशे. त्या फाइलीबद्दल पुढे सांगतो.

हे सगळं मावलं, कारण सॅक सत्तर लिटरची होती. माझी पहिली चूक हीच. मी दुकानात गेलो, सगळ्यांत मोठी आणि जास्त कप्प्यांची सॅक घेतली आणि मग ती भरत बसलो. रिकामी जागा दिसली की माणूस काहीतरी कोंबतोच. आपल्या पार्किंगमध्ये एक कोपरा मोकळा दिसला की तिथे जुन्या सायकली आणि कुंड्या येऊन बसतात, तसंच हे.

ओंकारेश्वरला दक्षिण तटावर संकल्प केला आणि निघालो. पहिल्या दिवशी उत्साहात काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. खांद्याच्या पट्ट्यांनी नस दाबली जात होती, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. पाचव्या दिवशी मी नदीकडे बघणं सोडून पायांकडे बघून चालू लागलो. उजव्या हाताला मैया वाहतेय, घाटावर बायका दिवे सोडताहेत, आणि मी मनात मोजतोय, अजून किती किलोमीटर, पुढचा आश्रम कधी. नवव्या दिवशी बडवानीजवळ राजघाटाला पोचलो. गुडघा नारळाएवढा सुजला होता. तिथून पुढे शूलपाणीच्या झाडीचा डोंगराळ टप्पा सुरू होतो. डॉक्टरांनी सॅक उचलून बघितली आणि माझ्याकडे पाहून हसले. म्हणाले, "बाबाजी, मैया की परिक्रमा करने निकले हो या घर बदलने?"

मी परत फिरलो.

घरी आल्यावर चार दिवस ती सॅक तशीच कोपऱ्यात उभी होती. पाचव्या दिवशी सौ.नी ती पलंगावर उपडी केली. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला आणि मला म्हणाल्या, "तुम्ही बोला, मी लिहिते. एकेक वस्तू." कॉलेजच्या वयातल्या नातवंडांनासुद्धा असा हिशेब कुणी शिकवला नसेल! प्रत्येक वस्तूपुढे दोन रकाने : किती ग्रॅम, आणि नऊ दिवसांत किती वेळा वापरली. कुकर : शून्य वेळा. गरम पाण्याची पिशवी : शून्य. जादा बूट : शून्य. पोथी : एकदा, तीही उशाला. लाडू पाच खाल्ले, उरलेले आश्रमात वाटून टाकले होते.

स्वेटर आला. तो त्यांनी स्वतः विणलेला, जाड लोकरीचा, आठशे ग्रॅमचा. मी म्हणालो, "हा राहू दे." त्या म्हणाल्या, "हा मी माझ्या समाधानासाठी घातला होता. तुम्हाला हलका पुरेल." आणि स्वतःच्या हाताने तो बाजूला ठेवला. लाडू, मेतकूट, भाजणी, औषधांचा डबा, सगळं एका बाजूला. "यातलं बरंचसं माझ्या काळजीचं वजन आहे," म्हणाल्या.

मग ती फाइल आली. "आणि हे काय?" मी गप्प. फाइलीत होत्या सगळ्या मुदतठेवींच्या पावत्यांच्या झेरॉक्स, विम्याच्या पॉलिसी, मेडिक्लेम, आपल्या सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटची प्रत, नॉमिनेशनचे कागद, लॉकरचा नंबर. मी परिक्रमेला कशाला नेत होतो हे? खरं सांगतो, मला वाटायचं की फोनवर सौ.ना काही विचारायची वेळ आली तर माझ्यासमोर कागद हवेत. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाने घरात बायकोला एकही कागद कधी नीट समजावून सांगितला नव्हता. लोकांना काउंटरवर नॉमिनेशनचं महत्त्व पटवून देत होतो आणि घरात सगळं माझ्या डोक्यात आणि त्या फाइलीत.

त्या म्हणाल्या, "हे पाठीवर घेऊन जाण्यापेक्षा मला शिकवून जा."

पुढच्या दोन महिन्यांत मी तेच केलं. दर रविवारी दुपारी एक विषय. ठेव मोडायची कशी, मेडिक्लेमला कुणाला फोन करायचा, सोसायटीचा चेक कधी द्यायचा. त्यांनी वही केली. 2021 च्या एप्रिलमध्ये मी बारा दिवस हॉस्पिटलमध्ये होतो, ऑक्सिजनवर, बोलायची सोय नव्हती. तेव्हा मेडिक्लेमपासून ठेव मोडण्यापर्यंत सगळं त्यांनी त्या वहीवरून निभावलं. म्हणून ही गोष्ट मी सॅकच्या भाषणात सांगतोय. जे घरात कुणाच्या तरी हाती सोपवून जाता येतं, ते पाठीवर घेऊ नये.

आता दुसऱ्या वेळची तयारी, म्हणजे तुमच्या उपयोगाचा भाग. ज्यांना निघायचंय त्यांनी लिहून घेतलं तरी चालेल.

पहिली गोष्ट : सॅक सगळ्यांत शेवटी घ्या. आधी सामान पलंगावर मांडा, वजन करा, आणि मग ते मावेल तेवढीच सॅक घ्या. साधारण नियम असा की पाठीवरचं ओझं शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावं. माझ्या बाबतीत म्हणजे साडेसहा किलोच्या आत. तुमचं वजन ऐंशी किलो असेल तर आठ किलो चालतील असा अर्थ काढू नका. पोटाचा घेर म्हणजे ताकद नव्हे!

माझी 2017 ची यादी सौ.च्या वहीत अजून आहे. वाचून दाखवतो. सॅक 1,200 ग्रॅम. हलकी स्लीपिंग बॅग 1,000. फोमची पातळ चटई 250. अंगावरचे सोडून पांढऱ्या कपड्यांचा एक जोड, पंचा, आतले कपडे, मोज्यांचे दोन जोड, मिळून 900. हलका स्वेटर 400. शाल आणि कानटोपी 300. ताट, वाटी, पेला 350. औषधं 300. नर्मदाजलाची कुपी आणि पूजेचं थोडं साहित्य 300. टॉर्च, मोबाइल, चार्जर 400. अंगावर घ्यायचं प्लास्टिक 300. शिक्के घ्यायची डायरी आणि ओळखपत्र 200. साबण, दंतमंजन, सुई-दोरा, नायलॉनची दोरी वगैरे किरकोळ 350. एकूण बेरीज 6,250 ग्रॅम. वर एक लिटर पाणी. बेरीज तपासून बघा, बँकेतल्या माणसाची आहे.

औषधं तीनशे ग्रॅमवर कशी आली? सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम न नेता महिन्याच्या नेल्या. प्रिस्क्रिप्शन जवळ ठेवलं. वाटेत बडवानी, भडोच, मंडला, नर्मदापुरम (पूर्वीचं होशंगाबाद) अशी मोठी गावं लागतात, तिथे औषधाची दुकानं आहेत. ज्यांना विशिष्ट कंपनीचंच औषध लागतं, त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. रोजची बीपीची, शुगरची गोळी मात्र कमी पडता कामा नये. वजन कमी करायचं ते तिथे नाही.

दुसरी गोष्ट : सॅकचं माप. पँट आपण कमरेच्या मापाने घेतो, बूट पायाच्या, आणि सॅक मात्र रंग बघून घेतो. सॅकला पाठीच्या लांबीचं माप असतं. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक हाड वर येतं. तिथून खाली, दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवल्यावर अंगठे मागे जिथे येतात त्या रेषेपर्यंत, शिवणकामाच्या टेपने घरच्या माणसाकडून मोजून घ्या. उंच माणसाची पाठ लांबच असते असं नाही. माझी उंची बरी आहे, पण पाठ आखूड निघाली. पहिली सॅक म्हणूनच माझ्या कुल्ल्यांवर आपटत होती.

तिसरी, आणि सगळ्यांत महत्त्वाची : कमरेचा पट्टा. ओझं खांद्यांनी वाहायचं नसतं, कमरेच्या हाडांनी वाहायचं असतं. पट्टा जाड, मऊ आणि हाडावर बसणारा हवा. पोटावर बांधला तर काही उपयोग नाही, जेवल्यावर तर श्वासच घेता येत नाही. बांधायचा क्रम लक्षात ठेवा. आधी सगळे पट्टे सैल करायचे. सॅक पाठीवर घेऊन कमरेचा पट्टा घट्ट करायचा. मग खांद्याचे पट्टे ओढायचे, अंगाला लागतील इतपतच. मग छातीवरचा छोटा पट्टा. शेवटी खांद्यावरून सॅकच्या वरच्या टोकाला जाणाऱ्या दोऱ्या किंचित ओढायच्या, म्हणजे सॅक मागे झुकत नाही. नीट बसली तर खांदा आणि पट्टा यांमध्ये बोट सहज जातं. 2015 साली नऊ दिवस माझा कमरेचा पट्टा मागे लोंबत होता. मला वाटलं, ती शोभेची वस्तू आहे.

चौथी : आकार. परिक्रमेला पस्तीस ते चाळीस लिटर पुरे. रिकामी सॅक सव्वा किलोच्या वर नको. कप्पे जितके जास्त तितक्या चेनी जास्त, आणि चेन हीच सगळ्यांत आधी बिघडते. वरून दोरीने आवळून झाकण लावायची सॅक मला बरी वाटली. दोन बाजूंना बाटल्यांचे खिसे हवेत, आणि पाणी प्यायला सॅक न उतरवता हात पोचायला हवा. हात पोचत नसेल तर आपण पाणी प्यायचं टाळतो, आणि दुपारी गरगरतं.

पाचवी : दुकानात रिकामी सॅक घालून आरशात बघू नका. वजन घालून बघा. चांगल्या दुकानात वजनाच्या पिशव्या देतात. नसतील तर आपल्या घरून तांदळाच्या एक-एक किलोच्या सहा पिशव्या न्या. मी नेल्या होत्या. सेल्समन हसला, पण मी त्या दुकानात अर्धा तास जिना चढ-उतार केला. तीन सॅक नाकारल्या, चौथी घेतली. महिलांसाठी वेगळ्या बेताच्या सॅक मिळतात, खांद्याचे पट्टे आणि कमरेचा पट्टा त्यांच्या ठेवणीचा असतो. ताईंनी नवऱ्याची जुनी सॅक ओढून नेऊ नये. आणि जोडप्याने जाताना "यांचं थोडं माझ्यात, माझं थोडं यांच्यात" करू नये. एखाद्या दिवशी दोघं पुढे-मागे झाली, तर एकाकडे दोघांच्या गोळ्या आणि दुसऱ्याकडे दोघांची पांघरुणं, असं होतं.

सहावी : पाणी. हिवाळ्यात पाऊस कसला, असं वाटतं. पण मावठा गाठतोच. शिवाय नर्मदा समुद्राला मिळते तिथे विमलेश्वरच्या बाजूने नावेत बसून पलीकडे मिठीतलाईला जावं लागतं. भरतीची वेळ बघून नाव सोडतात, काही तासांचा प्रवास असतो, आणि सॅकचा ढीग नावेच्या तळाशी असतो. वरून घालायचं रेनकव्हर तिथे कामाचं नाही, कारण पाणी पाठीकडून आणि खालून येतं. सॅकच्या आत एक जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालायची आणि सामान तिच्यात भरायचं. पंचवीस रुपयांचा उपाय आहे. नावेत माझ्या शेजारच्यांची महागडी सॅक आतून भिजली, त्यांची स्लीपिंग बॅग दोन दिवस वाळत नव्हती.

भरतानाही थोडा विचार करा. जड वस्तू पाठीला चिकटून, मधल्या उंचीवर. झोपायचं सामान तळाला. प्लास्टिक आणि टॉर्च अगदी वर. नर्मदाजलाची कुपी मी सॅकमध्ये ठेवली नाही. गळ्यात एक छोटी कापडी झोळी शिवून घेतली होती. सॅक माणूस कुठेही टेकवतो, कुपी तशी टेकवायची नसते.

आणि शेवटची गोष्ट : सराव. 2017 च्या उन्हाळ्यापासून मी तांदूळ भरलेली सॅक घेऊन आपल्या इमारतीचे सात मजले रोज सकाळी चढत-उतरत होतो. वॉचमन रोज विचारायचा, "काका, गावाला?" मी म्हणायचो, "अजून नाही." दोनच आठवड्यांत कळलं की डाव्या पट्ट्याची शिवण खांद्याला घासते. ते घरच्या जिन्यावर कळलं, म्हणून नाक्यावरच्या चर्मकाराकडून मऊ कातडं लावून घेता आलं. नवी सॅक आणि नवे बूट घेऊन थेट ओंकारेश्वरला कधीही जाऊ नये.

एवढं सगळं सांगितल्यावर एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दुसऱ्या वेळी मला वाटेत एक शेतकरी भेटले. माझ्याच वयाचे. त्यांच्याकडे सॅक नव्हती. खताच्या रिकाम्या पोत्याला दोन जुने पट्टे शिवलेले, आत घोंगडी, एक धोतर, एक ताटली, एक लोटा. ते रोज माझ्या आधी मुक्कामाला पोचायचे आणि मी येईपर्यंत त्यांची आंघोळ, पूजा आटोपलेली असायची. मी कमरेचा पट्टा, पाठीचं माप वगैरे त्यांना समजावायला लागलो. त्यांनी माझी सॅक उचलून बघितली आणि म्हणाले, "बरी हाय. पर येवढं लागतं व्हय?" तेव्हा ती सव्वासहा किलोची होती! त्या रात्री मी शाल एका म्हातारबाबांना दिली. पुढे अमरकंटकला थंडीने कुडकुडलो, हेही सांगतो. तेव्हा त्या शेतकऱ्यांची नक्कल करायलाही आपण जाऊ नये. त्यांचं शरीर शेतात घडलेलं, आपलं खुर्चीत. म्हणून आपल्याला पट्टा, माप आणि वजनकाटा लागतो.

शूलपाणीच्या झाडीबद्दल जुन्या पुस्तकांत वाचलं असेल की तिथे परिक्रमावासीयांना लुटत, अंगावर लंगोटीच राहत असे. जुना रस्ता बराचसा सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेला, आता वरच्या डोंगरांतून जावं लागतं. त्यातला काही भाग आपल्या नंदुरबार जिल्ह्यात येतो. मला तिथे कुणी लुटलं नाही. उलट एका पाड्यावर एका माउलीने भाकरी आणि तिखट चटणी खाऊ घातली आणि पैसे घेतले नाहीत. तिच्या घरात जेवढ्या वस्तू दिसल्या, त्यांहून जास्त मी 2015 साली पाठीवर घेऊन निघालो होतो. ते आठवून मला भाकरी गिळवेना.

त्या वेळी राजघाट ओलांडून मी पुढे गेलो. डोंगर चढलो, समुद्र पार केला, उत्तर तटाने अमरकंटक गाठलं आणि दक्षिण तटाने ओंकारेश्वरला परत आलो. पाच महिने लागले. गुडघा तोच होता, वयही दोन वर्षांनी वाढलेलं. बोटं एकदाही बधिर झाली नाहीत. आणि या वेळी नदी बघितली. पहाटे धुक्यात ती दिसत नाही, नुसता आवाज येतो. तो ऐकायला मान वर करून चालता यावं लागतं.

बी विंगमधल्या आपल्या मित्राला आणि वहिनींना एकच विनंती. मुलाने प्रेमाने पाठवलेली सॅक आहे, ती परत करू नका, मुलाला वाईट वाटेल. त्याला फोटो काढून पाठवा आणि पुढे कधी विमानाने जाल तेव्हा वापरा. परिक्रमेसाठी माझी जुनी सॅक माळ्यावर आहे. धुऊन ठेवली आहे, डाव्या पट्ट्याला कातड्याचं ठिगळ आहे. माप जुळलं तर घेऊन जा. सौ.ची ती वही आणि वजनकाटाही आमच्याकडे आहे. सोसायटीत कुणीही परिक्रमेला, वारीला, कुठेही पायी निघत असेल, त्यांनी रविवारी दुपारी चारनंतर सामान घेऊन यावं. चहा मिळेल. मात्र अट एकच, प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवावी लागेल आणि आमच्या सौ. जे बाजूला काढतील ते घरीच ठेवावं लागेल. त्यांच्या निर्णयावर अपील नाही, मी करून बघितलंय.

आणि 2015 साली दिलेली शाल तुम्ही परत मागितली नाहीत, हे विसरलेलो नाही.

नर्मदे हर! गणपती बाप्पा मोरया!